ताईच्या यूकेतल्या घरासाठी आईबाबा पैसे देतायत, सॉलिसिटर म्हणतो पैसा कुठून आला ते दाखवा

मांडवीकर_बडोदा

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

माझी ताई आणि जिजाजी लेस्टरला असतात, बरीच वर्षं भाड्याने काढल्यावर आता तिकडे पहिलं घर घेतायत. डिपॉझिटला थोडे कमी पडतायत म्हणून आईबाबा ३६ लाख देणार आहेत, बाबा २४ आणि आई १२. बाबा जीएसएफसीतून रिटायर झालेत, आई घरीच. सगळं ठरलं, पेढेसुद्धा वाटून झाले, आणि आता तिकडच्या सॉलिसिटरचा, म्हणजे घराचे कागद बघणाऱ्या वकिलाचा, ईमेल आलाय. दोघांची वेगवेगळी गिफ्ट लेटर, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि वर प्रत्येक मोठ्या रकमेचा 'सोर्स'. बाबांचं डोकं फिरलंय. म्हणतात, आयुष्यभर टॅक्स कापून पगार घेतला, माझ्याच मुलीला माझेच पैसे द्यायचे तर हा कोण विचारणारा.

हिशोब असा आहे. बाबांचे १४ लाख एफडी मोडून. १० लाख म्युच्युअल फंडातून, तो फंड २०१६ मध्ये रावपुऱ्यातला आमचा गाळा विकला त्यातून घेतला होता. आईने जुने दागिने विकले त्याचे ७ लाख, सराफाने आरटीजीएस केलेत. बाकीचे ५ तिच्या स्वतःच्या एफडीचे. पण आईच्याच खात्यात मधे १ लाख ९० हजार कॅश भरलेली दिसतेय, ती भिशीची आहे, आता भिशीची पावती कुठून आणू? सॉलिसिटरने नेमकी त्याच ओळीवर पिवळी खूण करून पाठवलीये.

बँकेत विचारायला गेलो तर तिथला माणूस म्हणाला २० टक्के टॅक्स कापला जाईल. हे खरंय का? ३६ लाखावर २० टक्के म्हणजे सव्वासात लाख गेले की!

आणि हो, एक राहिलं. गिफ्ट लेटरवर 'हे पैसे परत घेणार नाही' असं लिहून मागतायत. आमच्यात खरं तर असं बोलणं झालंय की पाच-सात वर्षांत जमेल तसे ताई-जिजाजी परत करतील. पण ते घरातलं बोलणं, कागदावर गिफ्टच दाखवायचं ना?

रावपुरा_एक्सप्रेस

एवढा उपद्व्याप कशाला भाऊ. माझ्या साडूचा मुलगा तिकडेच आहे, त्याला इथे फ्लॅटसाठी रुपये पाहिजेत आणि तुमच्या ताईला तिकडे पाऊंड पाहिजेत. तुम्ही त्याच्या वडिलांना इथे द्या, तो तिकडे ताईला देईल. ना बँक ना टॅक्स. आपल्याकडे अर्धी लोकं असंच करतात, चाले छे.

पेन्शनर_नाना

एक्सप्रेसराव, हे 'चाले छे' नाही, ह्याला हवाला म्हणतात आणि ते फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, विरुद्ध आहे. बँकेत फॉरेन एक्सचेंजच्या टेबलावर सगळी नोकरी झाली माझी, म्हणून सांगतो.

आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवा. तिकडे सॉलिसिटरला काय दिसेल? ताईच्या खात्यात कुणा अनोळखी पोराकडून तीस-पस्तीस हजार पाऊंड आले. तो विचारणार हा कोण, ह्याचं तुमचं नातं काय, ह्याने का दिले, ह्याच्याकडे कुठून आले. म्हणजे आज दोन माणसांचे कागद द्यायचेत ते उद्या चार माणसांचे द्यावे लागतील, आणि त्यातल्या दोघांचे मिळणारच नाहीत. मांडवीकर, ज्याचे पैसे आहेत त्याच्या खात्यातून थेट मुलीच्या खात्यात जाऊ द्या. मधे कोणी नको, तुम्हीसुद्धा नको. मुलगे बरेचदा 'मी नेट बँकिंगवरून पाठवतो' म्हणून आईबाबांचे पैसे आधी आपल्या खात्यात घेतात आणि मग सगळा घोळ निस्तरत बसतात.

बाबांना म्हणावं राग मानू नका. तो सॉलिसिटर सगळ्यांनाच विचारतो.

रेडिंगकर

मी मूळ दांडिया बाजारचा, आता रेडिंगला. आमच्या घरालाही सासरे आणि आई दोघांकडून पैसे आले होते त्यामुळे ह्यातून गेलोय, सविस्तर लिहितो.

आधी ते का विचारतात ते. यूकेत २०१७ चे मनी लाँडरिंग रेग्युलेशन्स आहेत, त्याखाली सॉलिसिटरला घराच्या व्यवहारातला पैसा कुठून आला हे तपासावंच लागतं. नाही तपासलं तर त्याचं लायसन्स धोक्यात, आणि पैसा गुन्ह्यातला निघाला तर २००२ च्या प्रोसीड्स ऑफ क्राइम ॲक्टखाली तो स्वतः अडकू शकतो. त्यामुळे 'आमच्यावर विश्वास नाही का' हा सूर तिथे चालत नाही, उलट जितकं चिडून लिहाल तितके जास्त प्रश्न येतात.

त्याला दोन गोष्टी हव्या असतात. पैसे आज बाबांच्या खात्यात आहेत हे स्टेटमेंटवरून कळतं. पण ते बाबांकडे कसे जमले हे स्टेटमेंटवरून कळत नाही, तिथेच सगळे अडकतात. एफडी मोडली असं नुसतं सांगून भागत नाही, एफडीची पावती, मोडल्याचा बँकेचा कागद आणि त्याच तारखेला खात्यात जमा झालेली ओळ असं तिन्ही एकत्र लागतं. म्युच्युअल फंडाचं रिडेम्प्शन स्टेटमेंट द्या, त्याबरोबर फंड कधी घेतला तेही दिसलं पाहिजे. गाळ्याचा २०१६ चा दस्तऐवज द्या आणि ती रक्कम तेव्हा ज्या खात्यात आली ते स्टेटमेंट बँकेकडून काढून घ्या. जुनं स्टेटमेंट मिळायला वेळ लागतो, अर्ज आजच द्या. दस्तऐवज गुजरातीत असणार, त्याचं सर्टिफाइड इंग्रजी भाषांतर लागेल. घरच्या कोणी केलेलं चालत नाही, आमचं परत आलं होतं.

माझा सगळ्यात उपयोगी पडलेला कागद म्हणजे प्रत्येक देणाऱ्याचं एक पानी साधं पत्र. मी अमुक, इतकी वर्षं तमुक नोकरी केली, २४ लाख देतोय, त्यातले १४ ह्या एफडीतून, कागद क्रमांक एक आणि दोन, १० ह्या फंडातून, कागद तीन ते सहा. स्टेटमेंटवर त्या त्या ओळीला तोच नंबर पेनने घालायचा. समोरच्या ज्युनिअरला भारतातली बँक, पासबुक, फोलिओ काही कळत नसतं, तुम्ही बोट धरून नेलंत की तो पुढे जातो.

आणखी काही गोष्टी. मॉर्गेज ब्रोकरला (गृहकर्ज जमवून देणाऱ्याला) गिफ्टचं आत्ताच सांगा, कारण सॉलिसिटर ते लेंडरला (कर्ज देणाऱ्या बँकेला) कळवतोच आणि परदेशातून येणाऱ्या गिफ्टला प्रत्येक लेंडरचे नियम वेगळे असतात. घराच्या किमतीच्या साधारण दहा टक्के एक्सचेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्सच्या, म्हणजे करार पक्का होतो त्या दिवशी द्यावे लागतात, तेव्हा पैसे त्याआधी पोचून तपासूनही झालेले हवेत. पैसे ताईच्या खात्यात टाकायचे की थेट सॉलिसिटरच्या क्लायंट अकाउंटला ते त्यालाच विचारा, बऱ्याच फर्म तिसऱ्याकडून थेट घेत नाहीत. आणि त्याचे बँक डिटेल्स ईमेलवर आले तर फोन करून खात्री केल्याशिवाय एक पाऊंडही पाठवू नका, त्यातही 'आमचं खातं बदललंय' असा ईमेल आला तर नक्कीच नाही. ईमेल हॅक करून लोकांची आयुष्यभराची डिपॉझिटं गेलीयेत इथे.

कारेलीबाग_सीए

टॅक्सचं मी सांगतो, बँकेतल्या माणसाने अर्धवट सांगितलंय.

तो वेगळा टॅक्स नाही, टीसीएस आहे, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ गोळा करते तो टॅक्स. एलआरएस ह्या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतून एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्यात नातेवाइकाला गिफ्ट बसते. १ एप्रिल २०२५ पासून पहिल्या १० लाखांवर टीसीएस नाही, वरच्या रकमेवर गिफ्टसाठी २० टक्के. ही १० लाखांची मर्यादा दर माणशी, म्हणजे दर पॅन. बाबा २४ पाठवणार तर १४ लाखांवर २ लाख ८० हजार, आई १२ तर २ लाखांवर ४० हजार. एकूण ३ लाख २० हजार, सव्वासात नाही. आणि हे पैसे बुडत नाहीत, ज्याच्या त्याच्या पॅनवर जमा दिसतात, रिटर्न भरताना दोघांच्या टॅक्समध्ये वळते होतात नाहीतर रिफंड येतो. पण तोपर्यंत अडकून राहतात, आणि बँक ते वरून कापते. म्हणजे ३६ लाख पोचायला हवे असतील तर दोघांच्या खात्यांत मिळून ३९ लाख २० हजार आणि बँकेचे चार्जेस एवढे पाहिजेत. हे ऐनवेळी कळलं की घरात भांडणं होतात.

तारखा जुळत असतील तर काही रक्कम ३१ मार्चच्या आधी आणि बाकीची १ एप्रिलनंतर पाठवा, नव्या वर्षाची मर्यादा नव्याने मिळते. पण त्यासाठी घराचा व्यवहार लांबवू नका.

आता एक मोह होतो, तो आधीच सांगतो. बाबांचे थोडे आईच्या खात्यात टाकून समसमान करू असं कोणीतरी सुचवेलच. नवऱ्याने बायकोला दिलं तर बेकायदा काही नाही, पण तुमच्या केसमध्ये १८-१८ केलं तरी टीसीएस तेवढाच येतो, गणित करून बघा. वर रेडिंगकर म्हणतात तो सॉलिसिटर आईला विचारणार हे सहा लाख कुठून, मग बाबांचे सगळे कागद आईच्याही फायलीत. फायदा शून्य, कटकट दुप्पट.

इन्कम टॅक्सला आईवडिलांकडून मुलीला गिफ्ट पूर्ण माफ, रक्कम कितीही असो. भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, मावशी ह्यांनी दिली तरीही माफ. चुलत-मावस भाऊ त्या यादीत नाहीत, ते जोशात येऊन काही देणार असतील तर वर्षात ५० हजारांच्या वर घेणाऱ्याला टॅक्स लागतो, आणि घेणारा परदेशात असला तरी सुटत नाही.

आईच्या दागिन्यांवर कॅपिटल गेन येईल. २४ महिन्यांपेक्षा जुने म्हणजे लाँग टर्म, दर १२.५ टक्के. २००१ च्या आधीचे असतील तर १ एप्रिल २००१ ची किंमत खरेदी म्हणून धरता येते, व्हॅल्युअरचा रिपोर्ट काढून ठेवा. सराफाचं खरेदी व्हाउचर आईच्या नावावर आणि पॅनसकट आहे ना ते बघा, सॉलिसिटरला तेच द्यायचं.

बँकेत ए२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) भरताना पर्पज कोड एस१३०२, म्हणजे वैयक्तिक गिफ्ट. मी पाहिलंय, काउंटरवरची मुलं सवयीने फॅमिली मेंटेनन्स लावून टाकतात. मग स्विफ्टच्या, म्हणजे पैसे परदेशी पाठवल्याच्या बँकेच्या कागदावर एक आणि गिफ्ट लेटरवर दुसरं, की परत प्रश्न.

सूरसागर_सकाळ

मांडवीकर, सगळे टीसीएसवर बोलतायत पण मला तुमचं शेवटचं वाक्य टोचलं. परत घेणार असाल तर ती गिफ्ट नाहीच. मग त्या कागदावर आईबाबांना सही करायला लावू नका.

तिकडचा लेंडर ताई-जिजाजींचा हप्ता किती झेपेल हे त्यांच्या बाकीच्या देण्यांवरून काढतो. ३६ लाख परत करायचेत हे लपवलं तर त्याच्याशी खोटं बोलल्यासारखं आहे आणि तो फ्रॉड धरला जाऊ शकतो. आणि सही कोणाची? सत्तरीतल्या माणसाची, ज्याने आयुष्यभर एक पैसा इकडचा तिकडे केला नाही म्हणून तुम्हीच सांगताय. म्हणून घरात बसून आधी ठरवा. खरंच देऊन टाकायचे असतील तर मनातूनही सोडा, पुढे ताईने आपणहून आईबाबांसाठी काही केलं तर तो तिचा प्रश्न. परतच हवे असतील तर ब्रोकरला तसं सांगा, कर्ज म्हणून चालवून घेणारे लेंडर शोधावे लागतील, कमी मिळतील.

दुसरं, विषय नाजूक आहे पण लिहिते. गिफ्ट एकट्या ताईला की दोघांना, हे लेटरवर स्पष्ट असतं. एकट्या तिला म्हणून देत असाल तर तिकडे डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट, म्हणजे घरात दोघांपैकी कोणाचा किती हिस्सा ह्याचा कागद, करता येतो. जिजाजी सोन्यासारखे असतील, तरी हे घर घेतानाच बोलायचं असतं. मी कोणाच्या घरात काड्या घालत नाहीये बरं का.

रावपुरा_एक्सप्रेस

बरं बाबा, हवाला नको. पण सोन्याचं कळत नाही, लग्न झालेल्या बाईला ५०० ग्रॅमपर्यंत बिल लागत नाही असा नियम आहे ना? तोच दाखवा सॉलिसिटरला.

कारेलीबाग_सीए

ती १९९४ ची सूचना धाडीच्या वेळी किती दागिने जप्त करू नयेत ह्याबद्दल आहे. लेस्टरच्या सॉलिसिटरला तिचं काय करायचंय? त्याला व्हाउचर, आरटीजीएसची ओळ आणि आईचं दोन ओळींचं म्हणणं, की हे लग्नातलं आणि आईकडून आलेलं सोनं होतं, एवढं पुरतं. लग्नाचा एखादा फोटो असेल ज्यात दागिने दिसतायत तर जोडा, मी जोडायला सांगतो लोकांना.

मांडवीकर_बडोदा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. प्रिंट काढून बाबांना दिलं, त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि नानांच्या 'सगळ्यांनाच विचारतो' ह्यावर जरा शांत झाले.

सूरसागर, तुमच्यावरून घरी बराच वाद झाला. आईचं पहिल्यापासून म्हणणं होतं की द्यायचे तर द्यायचे. बाबांनी रात्री ताईला व्हिडिओ कॉल लावून सांगितलं की परत करायची भाषा बंद, ताई रडायलाच लागली, मग जिजाजी आले फोनवर, तेही गडबडले. तर आता ती गिफ्टच आहे, आणि ताईच्या एकटीच्या नावाने. हे जिजाजींनीच सुचवलं.

राहिलं भिशीचं. त्या १ लाख ९० हजाराचं काय करू? बाबा म्हणतात जुना फ्रिज आणि सोफा विकला असं लिहून टाक. आणि आईचं नाव पॅनवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळं, ताईच्या जन्मदाखल्यावर तर आईचं नुसतंच पहिलं नाव आहे. शिवाय बाबांचा पासपोर्ट संपलाय.

भिशीवाली_काकू

फ्रिज सोफा अजिबात लिहू नका! एक लाख नव्वदचा फ्रिज सोफा कोणाचा असतो, आणि उद्या त्यांनी त्याचं बिल मागितलं तर? भिशी आहे तर भिशीच लिहा. आमच्या ग्रुपमध्ये एकीला अगदी हेच लागलं होतं. आम्ही काय केलं, भिशीच्या वहीची पानं झेरॉक्स केली, दर महिन्याला किती, किती जणी, कोणाचा नंबर कधी लागला सगळं असतंच त्यात, त्याखाली जी भिशी चालवते तिची आणि दोघी-तिघींची सही. आईच्या खात्यातून दर महिन्याला एटीएममधून तेवढीच रक्कम निघालेली दिसत असेल तर त्या ओळींनाही खूण करा, ते फार उपयोगी पडतं. इंग्रजांना भिशी कळणार नाही म्हणून दोन वाक्यांत समजावून सांगा की दर महिन्याला सगळ्या जणी ठरलेली रक्कम काढतात आणि एकीला सगळी मिळते.

आणि मुख्य म्हणजे आईच्या १२ मध्ये भिशीचा रुपया नाहीच आहे ना, ७ सोन्याचे आणि ५ एफडीचे. मग पत्रात तसंच लिहा की ही रक्कम खात्यात आहे, ती अशी आली, पण गिफ्टमध्ये धरलेली नाही. त्या पैशातून आईला तिकिटाला द्या, घरभरणीला जायचंच असेल तिला.

रेडिंगकर

काकूंनी बरोबर सांगितलं. वहीचं मात्र इंग्रजी भाषांतर जोडा.

आई जाऊन राहण्यावरून आठवलं, महिना-दोन महिने पाहुणे म्हणून आले तर काही प्रश्न नाही. कायमचे तिथे राहायला जाणार असतील तर लेंडर मोठ्या माणसांकडून घरावर हक्क सांगणार नाही असं लिहून घेतो, आत्ताच विचार असेल तर आत्ताच सांगा.

नावांसाठी आईचं एक ॲफिडेव्हिट करून घ्या नोटरीकडे, की ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची. ताईच्या जन्मदाखल्याबरोबर तिचं लग्नाचं सर्टिफिकेट लागेल, कारण आडनाव बदललं असेल तर आईबाबांशी नातं कागदावर दिसतच नाही.

पेन्शनर_नाना

बाबांचा पासपोर्ट आजच रीन्यूला टाका, बडोद्यातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. तोपर्यंत दुसरं कुठलं ओळखपत्र चालेल हे सॉलिसिटरला ईमेल करून विचारा, नुसतं आधार बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. आणि दोघांचं पॅन-आधार लिंक आहे का ते बघून घ्या, नसेल तर बँकेत गाडी तिथेच अडेल.

सही जुळत नाही म्हणून ए२ परत येतो तो वेगळाच. बँकेत बाबांची सही कामाला लागले तेव्हाची असणार, आता हात थरथरत असेल तर आधी सही अपडेट करून घ्या, मग फॉर्म भरा.

मांडवीकर_बडोदा

नाना, सहीचं कसं ओळखलंत हो! मागच्या महिन्यात चेक परत आलाय त्याच कारणाने. सोमवारी दोघांना घेऊन बँकेत जातो.